यलोस्टोनचे लांडगे आणि तो 'नद्या वळवणारा' व्हिडिओ

रानवाट

कुटुंबाच्या ग्रुपवर मागच्या रविवारी तो व्हिडिओ पुन्हा आला. लांडगे सोडले, हरणं पांगली, झाडं वाढली, बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्यांवर धरणं बांधणारा प्राणी) आले आणि शेवटी म्हणे नद्यांनीही आपली वाट बदलली. पार्श्वसंगीत असं की डोळे पाणावलेच पाहिजेत. तो पहिल्यांदा गाजला २०१४ मध्ये. तेव्हा मीही दहा जणांना पाठवला होता, कबूल करते.

मग दोन वर्षांपूर्वी यलोस्टोनला, अमेरिकेतल्या त्या राष्ट्रीय उद्यानात, जायचा योग आला. लमारच्या खोऱ्यात तीन पहाटा कुडकुडत काढल्या, तिथं रोज हजेरी लावणाऱ्या लांडगेवेड्या मंडळींशी गप्पा झाल्या, आल्यावर हाताला लागेल ते वाचत गेले. गोष्ट व्हिडिओतल्यापेक्षा बरीच गुंत्याची निघाली आणि जास्त रंगतदारही. म्हणून हा धागा.

आधी मागचं थोडं. उद्यान १८७२ सालचं. पण उद्यान झालं म्हणजे आतल्या सगळ्यांना अभय मिळालं, असं तेव्हा नव्हतं. एल्क (सांबराहून थोराड हरीण), बायसन हे गुणी बाळ. लांडगा, कायोटी (लांडग्याचा लहान भाऊबंद), प्यूमा (डोंगरी सिंह) हे उपद्रवी. १९१४ ते १९२६ या काळात उद्यानाच्या आतच किमान १३६ लांडगे मारले गेले. मारणारे चोरटे शिकारी नव्हते, सरकारी पगारी माणसं होती. शेवटची दोन पिल्लं १९२६ मध्ये रेंजरांनीच मारली. पुढं जवळजवळ सत्तर वर्षं तिथं लांडग्यांची टोळी नाही.

अमेरिकी वन्यजीव-अभ्यासक ऑल्डो लिओपोल्ड यांनी १९४४ मध्येच 'यलोस्टोनमध्ये लांडगे का सोडू नयेत?' असा प्रश्न विचारला होता. सोडायला १९९५ उजाडलं. मधल्या काळात १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा, मग आराखडे, मग सुनावण्या. लोकांकडून दीड लाखांहून जास्त अभिप्राय आले.

१२ जानेवारी १९९५ ला कॅनडातल्या अल्बर्टामधून आणलेले पहिले आठ लांडगे उद्यानाच्या उत्तर दारातून, रूझवेल्ट कमानीखालून आत आले. आणि ऐन वेळी कोर्टाची स्थगिती! लांडगे उद्यानात, पण पेटीतून बाहेर काढायचे नाहीत. स्थगिती उठेपर्यंत बिचारे त्या धातूच्या पेट्यांतच. एवढा प्रवास करून आल्यावर दारात अडवलेले पाहुणे.

त्या वर्षी १४ आणि १९९६ मध्ये ब्रिटिश कोलंबियातून १७, असे एकूण ३१. लगेच मोकळे सोडले नाहीत. साधारण एकरभराच्या जाळीच्या कुंपणात दहाएक आठवडे ठेवले, मेलेल्या एल्कचं मांस टाकलं, म्हणजे सुटताक्षणी घराच्या ओढीनं उत्तरेला पळणार नाहीत. मार्चमध्ये फाटक उघडलं तर बाहेर कुणी येईना! फाटकातून माणसं येतात, तेव्हा तिकडं जायचंच नाही, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं. शेवटी जाळीला दुसरीकडं भोक पाडलं, तेव्हा हळूहळू निघाले.

बाकीचं प्रतिसादांत बोलूच. मुख्य प्रश्न एवढाच, की 'लांडगे आणले आणि सगळं पूर्ववत झालं' हे कितपत खरं?

टवाळखोर

लांडगा आला रे आला, आणि या वेळी खरंच आला. :)
जागा पकडून बसलोय, चालू द्या.

सुलू

मस्त सुरुवात, रानवाट! त्या भोकाचं वाचून आमची मांजर आठवली. दार उघडं टाकलं तरी खिडकीतूनच जाणार.

एक बाळबोध शंका. एवढे लांडगे आणि एवढे पर्यटक, माणसांवर हल्ले होत नाहीत?

रानवाट

सुलू, बाळबोध कसली, पहिल्या पहाटे माझ्याही मनात तीच होती. १९९५ पासून आजवर यलोस्टोनमध्ये लांडग्यानं माणसावर हल्ला केल्याचं एकही उदाहरण नाही. अस्वल आणि बायसन यांच्याबद्दल हे म्हणता येत नाही. नियम असा की लांडगा आणि अस्वल यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे ९० मीटरच्या वर, लांब राहायचं. पण माणसांना सोकावलेले दोन लांडगे (२००९ आणि २०११) उद्यानानंच मारले. कुणीतरी खायला टाकतं, गाडीतून फोटो काढतं आणि किंमत मोजतो तो लांडगा.

गणितमास्तर

आकड्यांशिवाय चर्चा म्हणजे मिठाशिवाय वरण. घ्या.

उद्यानाच्या उत्तर भागातला एल्कचा कळप १९९४ मध्ये सुमारे १९,०००. २०१३ मध्ये ४,००० च्या खाली. लांडगे: सुरुवातीचे ३१, २००३ मध्ये १७४ वर कमाल, मग घसरण, आणि २००९ नंतर साधारण शंभराच्या मागंपुढं.

हा तक्ता बघून लोक म्हणतात, लांडग्यांनी एल्क संपवले. थांबा. त्याच काळात ग्रिझली अस्वलं वाढली, आणि ती एल्कची नवजात पिल्लं भरपूर खातात. प्यूमा स्वतःहूनच परतलेले. १९९६-९७ चा हिवाळा भयंकर. मध्ये दुष्काळ. आणि उद्यानाच्या उत्तर सीमेबाहेर माणसांची एल्क-शिकार, त्यातही मोठ्या संख्येनं माद्या. मादी मारली की पुढची वीण गेली. लांडगे मात्र जास्त करून पिल्लं आणि म्हाताऱ्या, म्हणजे तशाही फारसं न विणणाऱ्या माद्या उचलतात. एवढे भागीदार असताना सगळा नफातोटा एकाच्या खात्यावर कसा लिहिणार?

आणि हो, १९,००० हा 'नैसर्गिक' आकडा धरायचा का, हाही प्रश्नच. शिकारी नसताना सुजलेला आकडा तो.

टवाळखोर

मास्तर, वरणाला फोडणीही बसली.

पानगळ

माझा अभ्यासाचा विषय याच्या जवळचा (वनस्पती, प्राणी नव्हे), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिडिओतली साखळी अशी: लांडगे, मग कमी आणि धास्तावलेले एल्क, मग विलो (आपल्या वाळुंजाच्या कुळातलं झाड) आणि ॲस्पेन (तिकडचं आणखी एक झाड) यांची वाढ, मग बीव्हर, मग नदी. यातला प्रत्येक दुवा तपासला गेलाय. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीचे रिपल आणि बेश्टा या साखळीच्या बाजूचे. त्यांची मांडणी हवेतली नाही. काही ओढ्यांकाठी विलो खरंच उंच झालाय, ॲस्पेनचे नवे कोंब कितीतरी दशकांनी एल्कच्या तोंडाच्या वर गेलेत.

पण ॲस्पेनच्या मोजणीवर २०२१ मध्ये एक आक्षेप आला तो ऐका. आधीच्या मोजण्यांत बऱ्याचदा प्रत्येक झुंडीतले सगळ्यांत उंच पाच कोंब मोजायचे. नव्या अभ्यासात कोंब सरसकट निवडले, तर वाढ बरीच कमी दिसली. वर्गातली पाच उंच पोरं मोजून वर्गाची उंची सांगण्यासारखं झालं होतं. वाढ आहे, पण सगळीकडं नाही आणि तेवढी नाही.

विलोचं प्रकरण माझ्या मते सगळ्यात बोलकं. लांडगे गेले, एल्क वाढले, विलो खाल्ला. विलो गेला तसे बीव्हर गेले, कारण तोच त्यांचा खाऊ आणि तेच धरणाचं लाकूड. बीव्हर गेले, धरणं फुटली, ओढा वेगानं वाहायला लागला आणि आपलंच पात्र खोल खणत गेला. पात्र खोल, म्हणून काठची भूजल पातळी खाली. आता एल्क कमी केले तरी विलोच्या मुळांना पाणीच पोचत नाही. पाणी वर यायला बीव्हर हवा, बीव्हर यायला विलो हवा. अंडं आधी की कोंबडी?

कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या मंडळींनी २००१ पासून वीस वर्षं हेच करून पाहिलं. काही ओढ्यांवर माणसांनी खोटे बंधारे घातले, काही ठिकाणी एल्क येऊ नयेत म्हणून कुंपण घातलं, काही ठिकाणी दोन्ही, काही ठिकाणी काहीच नाही. जिथं पाणीही वर आलं आणि चरणंही थांबलं तिथं विलो दणक्यात वाढला. जिथं काहीच केलं नाही, फक्त लांडग्यांच्या भरवशावर सोडलं, तिथं बहुतांश खुरटाच राहिला.

म्हणजे नदी वळवणं राहू द्या, खणलेली नदी भरून काढणंही लांडग्यांना एकट्यानं जमलेलं नाही.

निशाचर

पानगळराव, प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेचा आहे.

पण बीव्हर वाढलेत ना? उत्तर भागात १९९६ मध्ये एकच वसाहत होती आणि नंतर आठ-नऊ झाल्या, असं वाचल्याचं आठवतं.

पानगळ

वाढलेत. पण उद्यानाच्या उत्तरेला लागून असलेल्या जंगलात वनविभागानं १९८६ पासून पुढं वर्षानुवर्षं शंभराहून जास्त बीव्हर सोडले होते. ओढ्याओढ्यानं ते खाली उद्यानात उतरले. हे त्या व्हिडिओत कुठं सांगितलंय? उंच विलोचा त्यांना उपयोग झालाच असेल, मी नाकारत नाही. पण पाहुणे कुणी बोलावले आणि श्रेय कुणाला!

आळशी_मांजर

म्हणजे सगळा फुगाच म्हणायचा? सुंदर गोष्टीत टाचणी टोचायची या संस्थळाची जुनी खोड. :(

रानवाट

मांजरताई, फुगा नाही हो. जे बदललं तेही कमी नाही. कायोटींची संख्या सुरुवातीच्या काही वर्षांत लमारमध्ये निम्म्यावर आली. लांडग्यांनी पाडलेल्या एल्कवर किती जण जेवतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. आधी डोमकावळे, ते तर शिकार चालू असतानाच हजर. मग टक्कल गरुड, सोनेरी गरुड, कायोटी जीव मुठीत धरून, आणि दुपारी एक ग्रिझली आली आणि लांडग्यांनाच हाकलून बसली. पूर्वी मढी मिळायची ती बर्फाच्या शेवटी, उपासमारीनं एल्क मरत तेव्हा. आता बारमाही पंगत.

माझं म्हणणं पानगळ यांनी माझ्यापेक्षा नीट मांडलं. १९२६ मध्ये काढलेला दगड १९९५ मध्ये परत ठेवला, पण मधल्या सत्तर वर्षांत भिंत खचली होती.

चौकस

एक मुद्दा राहतोय. तिकडचे विरोधक म्हणतात की आणलेले लांडगे 'चुकीचे' होते. मूळची स्थानिक उपजात लहान चणीची, आणि कॅनडातून आणलेले भलेथोरले. यात किती तथ्य?

गणितमास्तर

चौकस, यलोस्टोनमधला प्रौढ नर साधारण ५० किलो, मादी ४० च्या थोडी वर. कॅनडापासून खाली रॉकी पर्वतरांगेत अधिवास सलग होता आणि तरुण लांडगा जोडीदार शोधत शेकडो किलोमीटर सहज जातो. अशा प्राण्यात राज्याच्या नकाशासारख्या उपजातींच्या रेषा ओढणं अवघड. निवडही विचारपूर्वक होती. आधीपासून एल्क मारून जगणारे लांडगे घेतले, काय खायचं ते शिकवावं लागू नये म्हणून.

दूरदेशी

पाच वर्षं मोंटानात नोकरी केली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शिव्या नंतर घाला.

माझ्या सहकाऱ्याचं घराणं तीन पिढ्या गुरं पाळणारं. तो लांडग्यांचा द्वेष वगैरे करत नाही. त्याचं दुखणं वेगळं. वासरू गेलं की भरपाई मिळते, पूर्वी डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ ही संस्था स्वतःच्या निधीतून देत असे, पुढं राज्यांनी योजना केल्या. पण लांडग्यानंच मारलं हे सिद्ध करायला मढं सापडावं लागतं. हजारो एकरांच्या डोंगराळ कुरणात चार दिवसांनी पोचा, उरतं काय? चार हाडं आणि अस्वलाच्या पाऊलखुणा. शिवाय लांडग्यांच्या धास्तीनं गाई नीट चरत नाहीत, वजन भरत नाही. त्याची पावती कोण देणार?

तो एकदा म्हणाला, "शहरातल्या लोकांना लांडगा आवडतो कारण तो त्यांच्या अंगणात येत नाही." मला उत्तर सुचलं नाही.

निशाचर

पण दूरदेशी, लांडग्यांमुळं पैसाही येतो ना तिकडं? २००६ चा एक अभ्यास होता. लांडगे बघायला येणाऱ्यांमुळं भोवतालच्या तीन राज्यांत वर्षाला सुमारे साडेतीन कोटी डॉलर.

दूरदेशी

येतो. हॉटेलवाल्याकडं येतो, वाटाड्याकडं येतो. वासरू मात्र गुराख्याचं जातं.

टवाळखोर

एवढी गंभीर चर्चा? मी लांडग्यांच्या भानगडी ऐकायला आलो होतो. मूळ लेखात एकाही लांडग्याचं नाव नाही, निषेध.

रानवाट

टवाळराव, घ्या तुमची मालिका. तिथं नावं नसतात, नंबर असतात.

९ नंबरची मादी आणि १० नंबरचा नर वेगवेगळ्या टोळ्यांतले. दोघांना रोझ क्रीकच्या कुंपणात एकत्र ठेवलं. हो, ठरवून केलेलं लग्न. जमलं. एप्रिल १९९५ मध्ये दोघं उद्यानाबाहेर, मोंटानातल्या रेड लॉज गावाजवळ गेले आणि तिथं १० ला एकानं गोळी घातली. त्याच सुमाराला ९ व्याली. खाजगी जमिनीवर, नुसत्या झाडाखाली, आठ पिल्लं. एकटी मादी शिकार करणार की पिल्लं राखणार? उद्यानाच्या माणसांनी आईला आणि पिल्लांना उचलून परत त्याच कुंपणात आणलं. गोळी घालणाऱ्याला सहा महिन्यांची कैद झाली.

आता ८ नंबर. शेजारच्या टोळीतला, भावांत सगळ्यात लहान चणीचा. ९ आणि पिल्लं बाहेर सोडल्यावर हा पठ्ठ्या त्यांना येऊन मिळाला आणि दुसऱ्याची आठ पोरं त्यानं वाढवली. त्यातलाच एक २१ नंबर. १९९७ च्या अखेरीस ड्रुइड पीक टोळीचे मोठे नर उद्यानाबाहेर गोळ्यांना बळी पडले. त्या टोळीत २१ शिरला आणि त्यानंही परक्या पिल्लांना आपलं म्हटलं. पुढं तीच टोळी २००१ मध्ये ३७ लांडग्यांची झाली. एवढी मोठी टोळी क्वचितच कुठं नोंदली गेली असेल.

या टोळीतल्या ४० आणि ४२ या बहिणी तर सासूसुनांच्या मालिकेला लाजवतील. ४० भयंकर खाष्ट, ४२ ला सतत चावायची. २००० मध्ये एका रात्री टोळीतल्या माद्यांनी मिळून ४० ला संपवलं. ४२ प्रमुख झाली आणि तिनं बहिणीची पिल्लंही स्वतःच्या पिल्लांत मिसळून वाढवली.

हे सगळं एवढं तपशिलात माहीत आहे, कारण लमारचं खोरं उघडं आहे, रस्त्यावरून दुर्बिणीतून दिसतं. रिक मॅकिंटायर नावाचे गृहस्थ सलग ६,१७५ दिवस, म्हणजे जवळजवळ सतरा वर्षं, एकही खाडा न करता लांडगे बघायला गेले.

सुलू

सहा हजार दिवस!! मी सकाळी फिरायला सलग सहा दिवस गेलेले नाही.

आळशी_मांजर

२१ आणि ४२ चं पुढं काय झालं? वाईट असेल तर सांगू नका.

रानवाट

वाईट म्हणजे, लांडग्यांच्या मानानं चांगलंच. ४२ ला २००४ च्या हिवाळ्यात मॉलीज टोळीनं मारलं. त्याच उन्हाळ्यात २१ ही गेला, नऊ वर्षांचा होऊन, गोळी न लागता. तिथला लांडगा सरासरी चार-पाच वर्षंच जगतो आणि उद्यानाच्या आत त्याला मारतो तो बहुतेक वेळा दुसरा लांडगाच.

चौकस

आत. आणि बाहेर?

दूरदेशी

बाहेर काय होतं ते सांगतो. उद्यानाची हद्द नकाशावर जवळजवळ सरळ रेघ आहे. एल्क हिवाळ्यात बर्फ चुकवायला खाली, हद्दीबाहेर उतरतात. लांडगे त्यांच्या मागं. रेघ ओलांडली की कायदा बदलला. २०११ मध्ये अमेरिकी संसदेनं अंदाजपत्रकाच्या विधेयकाला कलम जोडून मोंटाना आणि आयडाहोतले लांडगे संरक्षित यादीतून काढले. वायोमिंगच्या बऱ्याच मोठ्या भागात तर वर्षभर, परवान्याशिवाय मारता येतात.

डिसेंबर २०१२ मध्ये '०६' ही नावाजलेली मादी, गळ्यात उद्यानाचा जीपीएस पट्टा असताना, वायोमिंगमध्ये कायदेशीररीत्या मारली गेली. सहा वर्षांनी तिची मुलगी ९२६ मोंटानात. आणि २०२१-२२ चा हिवाळा तर काळाच. मोंटानानं उद्यानालगतची मारायची मर्यादा उठवली होती. यलोस्टोनच्या टोळ्यांतले २५ लांडगे हद्दीबाहेर मारले गेले, बहुतेक मोंटानात. शंभर-सव्वाशेतले पंचवीस. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी मर्यादा परत आली.

माझा तो सहकारी शिकारीही करतो. ०६ मेली त्याचं त्यालाही वाईट वाटलं होतं. पण म्हणाला, "पट्टा घातला म्हणून तो पाळीव होत नाही ना?"

पानगळ

यात जीवशास्त्राचाही प्रश्न आहे. साध्या बेरजेत २५ गेले, पिल्लं होतील, भरून निघेल. निघतंही. पण त्यात टोळीचा म्होरक्या गेला तर टोळी फुटण्याची शक्यता वाढते.

अवांतर: म्होरक्या कोण होतो यावर २०२२ मध्ये एक अजब अभ्यास आला. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण झालेले लांडगे टोळीचे प्रमुख होण्याची शक्यता लागण नसलेल्यांच्या ४६ पट. प्यूमाच्या हद्दीत वावरणाऱ्या लांडग्यांत लागण जास्त. भीड चेपते म्हणे.

टवाळखोर

राजकारण्यांची तपासणी करा कुणीतरी.

गणितमास्तर

कोर्टाचा आणखी एक किस्सा. १९९५ मध्ये लांडगे आणले ते कायद्याच्या भाषेत 'प्रायोगिक आणि अनावश्यक' प्रजा म्हणून. असं लिहिलं की गुरांवर चालून आलेल्या लांडग्याला मारायची पशुपालकाला मुभा राहते. ही पळवाट नव्हती, तडजोड होती, आणि तिच्याशिवाय लांडगे आलेच नसते. तरी डिसेंबर १९९७ मध्ये एका न्यायाधीशांनी सगळे लांडगे काढून टाका असा आदेश दिला! अपिलाचा निकाल लागेपर्यंत अंमलबजावणी थांबवली म्हणून बरं. २००० मध्ये वरच्या कोर्टानं तो आदेश रद्द केला. तोवर सुटलेल्यांना पोरं होऊन पोरांना पोरं झाली होती. काढणार कुणाला आणि ठेवणार कुठं?

सुलू

रानवाट, ज्या कुंपणात ९ आणि तिची पिल्लं ठेवली होती ते अजून आहे का गं? उगाच, कल्पना करायला.

रानवाट

रोझ क्रीकचं आहे. लमार बफेलो रँचच्या मागच्या चढावर, झाडीत. जाळी बरीच वाकलेली, एका बाजूला झाड पडलेलं. मी गेले तेव्हा फाटक उघडं होतं. आत एल्कच्या लेंड्या होत्या, ताज्या.